टीपॉट चाकावर शिकताना आधी सिलिंडर पक्के करायचे की टीपॉटच करत राहायचं?

नवा_गोळा
नमस्कार मंडळी. कुंभाराच्या चाकावर बसायला लागून आठ महिने झाले. वाट्या, कप, सिलिंडर (सरळ उभ्या भिंतीची नळकांडी) बऱ्यापैकी येतात, एक किलो मातीतून अठराएक सेंटीमीटर उंची निघते. पण मी चाकाकडे आलेच ते टीपॉटसाठी. शोभेचा नाही, रोज चहा ओतता येईल असा. आतापर्यंत चार केले. चारही दिसायला छान आहेत आणि चारही वापरताना त्रास देतात. पहिल्याची धार बारीक येते आणि मधेच गुडगुड करून थांबते. दुसऱ्यात पाणी पूर्ण भरायच्या आधीच तोटीतून बाहेर. तिसऱ्याचं झाकण ओतताना पडतं. चौथा त्यातल्या त्यात बरा, पण ओतून सरळ केला की शेवटचा ओघळ तोटीखालून पोटावर आणि तिथून टेबलावर.

माझे शिक्षक म्हणतात अजून सहा महिने फक्त सिलिंडर कर, मग टीपॉटकडे ये. मला ते पटतंय आणि नाहीही, कारण चार टीपॉटमध्ये मी जे शिकले ते पन्नास सिलिंडरमध्ये शिकले नसते असं वाटतं. तुम्ही कसे शिकलात? आणि या चार दुखण्यांवर काही उपाय असेल तर तोही सांगा.

चाक_आणि_मी
शिक्षकांचं ऐका. तोटी म्हणजे काय, निमुळता सिलिंडर. बॉडी म्हणजे पोट फुगवलेला सिलिंडर. झाकणाचा आतला काठ म्हणजे बुटका सिलिंडर. भिंत एकसारखी येत नसेल तर तीन तुकड्यांत तीनदा तीच चूक करणार. मी दीड वर्ष टीपॉटला हात लावला नव्हता आणि त्याचा मला फायदाच झाला.

ओलसर
पहिल्या पॉटच्या झाकणाला भोक आहे का?

नवा_गोळा
@ओलसर आहे, छोटंसं. टाचणीने पाडलं होतं.

ओलसर
मग ते ग्लेझने (भाजल्यावर काचेसारखा होणारा लेप) बुजलं असणार. उजेडाकडे धरून बघा. चहा बाहेर जातो तेवढी हवा आत यावी लागते, नाहीतर ती तोटीतूनच उलटी आत शिरते, तीच तुमची गुडगुड. भोक ओलं असताना निदान चार मिलिमीटरचं पाडा. माती आकसते आणि वर ग्लेझचा थर बसतो, टाचणीच्या भोकाचं काही उरत नाही. ग्लेझमध्ये बुडवून काढलं की लगेच फुंकर मारायची आणि सुकल्यावर काडीने परत मोकळं करायचं.

नवा_गोळा
बघितलं. बुजलेलंच आहे!! एवढे दिवस मी तोटीला दोष देत होते.

तोटीप्रेमी
ओलसर यांचं बरोबर आहे, पण फक्त तेवढंच नसावं, बारीक धारेचं कारण बहुतेक तोटीच्या मागच्या चाळणीत, म्हणजे बॉडीच्या भिंतीतल्या भोकांत आहे. हिशेब करून बघा. तोटीचं टोक आतून १२ मिमी असेल तर त्याचं क्षेत्रफळ होतं ११३ चौरस मिमी. ५ मिमीच्या एका भोकाचं साधारण २०. म्हणजे सहा भोकांत बरोबरी होते असं कागदावर दिसतं. पण ग्लेझचा अर्धा मिमी थर चारी बाजूंनी बसला की ५ चं भोक ४ चं होतं आणि क्षेत्रफळ २० वरून साडेबारावर येतं, एक तृतीयांशाहून जास्त गेलं. त्यात पत्ती येऊन अर्धी भोकं अडवते. म्हणून मी पंधराच्या खाली कधी जात नाही, जागा असेल तर वीस. तोटीचं बूड रुंद ठेवलं की तेवढी भोकं आरामात बसतात आणि रुंदीकडून अरुंदीकडे येताना धारेला वेगही येतो.

भोकं पाडायची वेळ महत्त्वाची. लेदरहार्ड म्हणजे दाबलं तर बोटाचा ठसा उमटत नाही पण नखाने ओरखडा येतो, तेव्हा पाडायची. त्याआधी पाडली तर भिंत आत दबते. आतल्या बाजूला जे मातीचे कण लोंबतात ते लगेच पुसायला जाऊ नका, पुसलं की भोकातच जाऊन बसतात. पॉट पूर्ण वाळला की मऊ ब्रशने एका फटक्यात झडतात.

कोरडा_स्पंज
भिंतीत भोकं पाडायचीच कशाला पण? तोटीमागे एकच मोठं भोक ठेवा आणि पत्तीसाठी आत काढता-घालता येणारी जाळी वापरा. धार अशी सुंदर येते की बघत राहावं. साफ करायलाही सोपं.

तोटीप्रेमी
@कोरडा_स्पंज जाळीत पत्तीला उलगडायला जागा मिळत नाही हो. अख्ख्या पानाचा चहा असेल तर पान पाण्यात मोकळं फिरायला हवं. आणि जाळी बसवायची तर तोंड मोठं लागतं, तोंड मोठं म्हणजे झाकण मोठं आणि जड, मग ते पडायची भीती जास्त.

कोरडा_स्पंज
झाकण पडतं ते मोठं असल्यामुळे नाही, त्याचा आतला काठ आखूड असल्यामुळे. ओलं असताना हा काठ दीड-दोन सेंटीमीटर खोल ठेवा, पॉट बराच वाकवला तरी झाकण जागचं हलत नाही. काठ आणि तोंड यांच्यात चहूबाजूंनी एक-दीड मिमीची फट. पॉट वाकवल्यावर झाकणाचं वजन कुठे जातं तेही बघा, उंच घुंडी असेल तर ती झाकणाला पुढे ओढते.

जाळीबद्दल माझं मत कायम आहे :)

भट्टीकर
झाकणावरून आठवलं. नवा_गोळा, तुम्ही झाकण वेगळ्या दिवशी करता का? माझ्याकडे शिकायला येणारे सगळे आधी बॉडी करतात, ती जमली की आनंदात घरी जातात आणि पुढच्या आठवड्यात झाकण करायला घेतात. तोवर बॉडी चार-पाच टक्के आकसलेली असते. मोजायचं कशाला काय?

सगळे भाग एकाच मातीतून, एकाच बैठकीत करायचे. बॉडी झाली की लगेच कॅलिपरने (माप धरून ठेवणारा चिमटा) तोंडाचं माप घ्या, ते हलवू नका, त्याच मापावर झाकण. तोट्या एकाच्या ऐवजी तीन करा, झाकणं दोन. माती काही वाया जात नाही, उरलेली परत मळता येते. मग सगळं एकाच प्लास्टिकखाली ठेवा म्हणजे ओलावा सारखा होतो. टीपॉट ही जॉइंट फॅमिली आहे, सगळ्यांचा ओलावा जुळला तर जॉइंट टिकतात!

आणखी एक, झाकण बॉडीवर ठेवूनच भाजायचं, बिस्क (ग्लेझआधीची पहिली भाजणी) आणि ग्लेझ दोन्ही वेळा. बॉडी थोडी लंबगोल झालीच तर झाकणही तिच्यासोबत तसंच होतं आणि बसतं. वेगवेगळं भाजलं तर दोघं आपापल्या वाटेने वाकडे होतात. ग्लेझ फायरिंगला जिथे दोघं टेकतात तिथे ग्लेझ अजिबात नको. मी तिथे मेणात थोडं अॅल्युमिना हायड्रेट (भट्टीत न वितळणारी पूड) मिसळून लावतो, मग चिकटत नाही.

निळाई
जॉइंट फॅमिली 😄 हे आता आमच्या स्टुडिओच्या फळ्यावर जाणार.

चाक_आणि_मी
भट्टीकर दादा, हेच तर म्हणतोय मी. एका बैठकीत बॉडी, तीन तोट्या, दोन झाकणं करायची म्हणजे हात तेवढा सराईत हवा. तो सिलिंडरनेच येतो.

निळाई
मी याच्या उलट. तीन महिन्यांत पहिला टीपॉट केला, जाडजूड होता, पण तो केल्यावर मला कळलं की सिलिंडरचा काठ सपाट का हवा, भिंतीची जाडी सारखी का हवी. त्याआधी हे सगळं सर सांगतात म्हणून करत होते. नवा_गोळा ताई, तुमचा चौथा पॉट पहिल्यापेक्षा बरा आहे असं तुम्हीच लिहिलंय. चालू ठेवा.

दुसऱ्या पॉटबद्दल कुणी बोललं नाही म्हणून. तोटीचं टोक पाण्याच्या पातळीच्या खाली राहिलंय. जोडलेल्या भांड्यांत पाणी एकाच पातळीवर राहतं हे शाळेतलंच, पण तोटी चिकटवताना ते विसरायला होतं. टोक निदान झाकणाच्या बैठकीच्या उंचीला हवं, मी बोटभर वर ठेवते. चिकटवण्याआधी तोटी बॉडीला नुसती टेकवून एक सपाट पट्टी आडवी धरून बघायची.

पानवाला_चहा
हे वाचून यिशिंगच्या पॉटची आठवण झाली. चीनच्या ज्यांगसू प्रांतात यिशिंग आहे, तिथल्या झिशा मातीचे टीपॉट मिंग काळापासून होत आलेत. त्यात शुइपिंग नावाचा एक आकार आहे, शब्दाचा अर्थच समतल, पाण्यासारखा सपाट. झाकण काढून पॉट सपाट जागेवर उपडा ठेवायचा, तोटीचं टोक, तोंडाचा काठ आणि कानाचा (मुठीचा) वरचा भाग तिन्ही एकाच वेळी टेकले पाहिजेत. निळाई म्हणतात तीच गोष्ट.

आणि गंमत म्हणजे पारंपरिक यिशिंग पॉट चाकावर होतच नाहीत. मातीची पट्टी थापून गोल वळवतात आणि लाकडी फळीने बाहेरून ठोकून पोटाला आकार देतात. चाकावरचे हवे असतील तर जपानचे क्यूसू, म्हणजे तिकडचे टीपॉट बघा. त्यात योकोदे नावाचा प्रकार मला सगळ्यात आवडतो, मूठ तोटीच्या समोर नसून बाजूला, साधारण काटकोनात. मूठही पोकळ असते, चाकावरच काढलेली. मनगट न वळवता अंगठ्याने झाकण दाबून ओतता येतं.

नवा_गोळा
@पानवाला_चहा बाजूची पोकळ मूठ! म्हणजे मातीची पट्टी ओढून कान करायची भानगडच नाही. कान ओढताना माझा हमखास एका बाजूला पातळ होतो.

पानवाला_चहा
भानगड आहेच, फक्त वेगळी. पोकळ मुठीला आत हवा जायला भोक ठेवायला विसरू नका. बंद पोकळीत ओल अडकली आणि भट्टी घाईने तापवली की फुटते.

वाफ
चौथ्या पॉटच्या ओघळाबद्दल. हा फार जुना प्रश्न आहे आणि त्यावर खरोखर शोधनिबंध आहेत. शास्त्रज्ञ मार्कस रायनर यांनी १९५६ मध्ये याला टीपॉट इफेक्ट असं नाव दिलं. लोकांना वाटायचं पृष्ठताण हे कारण, पण पुढच्याच वर्षी जोसेफ केलर यांनी दाखवलं की मुख्य काम हवेच्या दाबाचं आहे. काठावरून वळताना द्रवाच्या काठालगतच्या थरात दाब कमी होतो आणि बाहेरची हवा त्याला तोटीला चिकटवून ठेवते. या विषयावरच्या कामासाठी केलर आणि वँडन-ब्रूक यांना १९९९ चं इग नोबेल (गमतीशीर संशोधनाला मिळणारा पुरस्कार) मिळालं, आणि ते मिळालं ते चहात बिस्कीट बुडवण्याचा हिशेब मांडणाऱ्या लेन फिशर यांच्याबरोबर वाटून :) २०१० मध्ये फ्रान्समधल्या गटाने आणखी एक गोष्ट दाखवली, काठाचा पृष्ठभाग पाणी झटकणारा असेल तर ओघळ जवळजवळ थांबतो, म्हणजे ओलेपणाचाही वाटा आहे.

कुंभाराच्या कामाचं यातलं एवढंच की काठ जितका धारदार, खासकरून खालची कड, तितकं पाण्याला वळण घेणं अवघड. गोल गुळगुळीत ओठ कपाला छान, तोटीला वाईट. आणि सावकाश ओतलं की ओघळ जास्त, वेगात ओतलं की कमी.

तोटीप्रेमी
वाफ, किती छान लिहिलंत. भर घालतो. आपण स्पंजने सगळे काठ मऊ करतो, ती सवय तोटीच्या बाबतीत सोडावी लागते. आणि ग्लेझ धारदार काठाला परत गोल करतं, म्हणून ओठाच्या खालच्या कडेवरचं ग्लेझ मी भाजण्याआधी पुसून अगदी पातळ करतो.

बिस्क झाल्यावर पाणी भरून ओतून बघा. बिस्क पाणी पितं त्यामुळे शेवटची धार अगदी अशीच नसेल, पण अंदाज येतो. तेव्हाही ओठ घासून धारदार करता येतो, फक्त ओल्या सँडपेपरने घासा आणि मास्क लावा, ती धूळ फुफ्फुसात जाता कामा नये. मग पॉट पूर्ण वाळल्याशिवाय ग्लेझ करू नका.

आठवडी_कुंभार
मस्त धागा. माझीही शंका घुसडतो, माझी तोटी मी अगदी सरळ कापून लावतो आणि भट्टीतून तिचं तोंड एका बाजूला कललेलं येतं. चिकटवताना तर सरळ असते, शपथेवर.

भट्टीकर
@आठवडी_कुंभार तुमची काही चूक नाही. चाकावर ओढताना मातीचे चपटे कण पिळाच्या दिशेने लागतात. अरुंद तोटीत, जिथे आपण गळा आवळून वर नेतो, तिथे पीळ सगळ्यात जास्त. वाळताना आणि भाजताना तो थोडा उलगडतो आणि सरळ कापलेला ओठ कलतो. जितकं जास्त तापमान तितका जास्त उलगडतो. म्हणून कापतानाच थोडं तिरकं कापायचं, उलगडला की सरळ होतो.

किती आणि कुठल्या बाजूला, ते तुमचं चाक कुठल्या दिशेने फिरतं, माती कुठली आणि तुम्ही किती आवळता यावर आहे, त्यामुळे माझं माप तुम्हाला उपयोगी पडणार नाही. तीन तोट्या करा, प्रत्येकीवर वरून खाली एक सरळ रेघ कोरा, शेल्फच्या एका कोपऱ्यात भाजून घ्या. रेघ किती वळली ते समोर दिसतं. मी ती तोटी अजून चाकाशेजारी ठेवलीय.

कोरडा_स्पंज
किंवा तोटी पट्टीपासून हाताने वळवा. पीळच नाही. चाकाच्या पॉटला हाताची तोटी लावली म्हणून कुणी रागावत नाही.

चहा_उकळणारी
मी कुंभार नाही, वाचक आहे. असा पॉट थेट गॅसवर ठेवला तर चालतो का?

भट्टीकर
@चहा_उकळणारी ताई, नाही. साधं स्टोनवेअर (जास्त तापमानाला भाजलेली घट्ट माती) थेट ज्वाळेवर ठेवू नका. बूड तापतं, वरचा भाग गार, दोन्हींचं प्रसरण वेगळं आणि तडा जातो. काही स्टोनवेअरमध्ये भाजताना क्रिस्टोबॅलाइट (सिलिकाचा एक स्फटिक प्रकार) तयार होतं, त्याचं आकारमान २२० अंशांच्या आसपास एकदम बदलतं, म्हणजे धोका आणखी. ज्वाळेवर चालणारी माती वेगळ्या मिश्रणाची असते. आपला पॉट मुरवण्यासाठी आहे. आधी गरम पाण्याने विसळून घ्या, मग उकळतं पाणी.

निळाई
आतल्या ग्लेझचंही बघा. बाहेर हवा तो रंग लावा, आत मात्र साधं, स्थिर, चरे न पडणारं ग्लेझ. शिसं, बेरियम असलेलं आत नकोच. शंका असेल तर नमुन्याचा तुकडा व्हिनेगरमध्ये दोन-तीन दिवस अर्धा बुडवून ठेवा, रंग किंवा चकाकी बदलली तर ते ग्लेझ शोभेच्या भांड्याला.

आठवडी_कुंभार
आकसण्यावरून आणखी एक. माझा पहिला पॉट ओला असताना बरोबर एक लिटरचा होता, भाजून निघाला तर तीनच कप चहा. माती १२ टक्के आकसते हे माहीत होतं, मला वाटलं ८८० मिली राहील. पण १२ टक्के लांबीत, रुंदीत आणि उंचीत. ०.८८ तीनदा गुणलं की ०.६८. एक लिटर भाजल्यावर हवा असेल तर ओला जवळजवळ दीड लिटरचा करावा लागतो.

नवा_गोळा
तीन आठवड्यांनी परत आले. तुमचं सगळं वहीत उतरवून घेतलं होतं.

एका बैठकीत दोन बॉडी, पाच तोट्या, तीन झाकणं केली. दमले, दुसरी बॉडी जाड राहिली (चाक_आणि_मी यांची आठवण आली). रात्रभर सगळं एका प्लास्टिकखाली. दुसऱ्या दिवशी पट्टी धरून तोटीची उंची बघितली, अठरा भोकं पाडली, दोन्ही बाजूंना ओरखडे काढून स्लिप (पातळ कालवलेली माती) लावून जोडलं, तोटी आणि कान प्लास्टिकमध्ये वेगळे गुंडाळून ठेवले कारण पातळ भाग आधी वाळतात. चार दिवस हळूहळू वाळवलं. एकही तडा नाही!

उरलेल्या तीन तोट्यांवर रेघा कोरून भाजल्या. तिन्ही एकाच बाजूला वळल्या, टोकापाशी साधारण घड्याळाच्या दोन मिनिटांएवढ्या.

काल पहिला पॉट ग्लेझ होऊन आला. पाणी भरलं, ओतलं. धार भरीव, मधे कुठे तुटली नाही. झाकणाचं भोक बोटाने दाबलं की धार थांबते, सोडलं की सुरू. हे मी वीसेक वेळा केलं. झाकण हललं नाही. पोट कोरडं. टेबलावर फक्त एक थेंब, तोही मी फार सावकाश ओतलं तेव्हा.

शिक्षकांना नेऊन दाखवला. त्यांनी ओतून बघितला, मग झाकण काढून आत बोट फिरवलं आणि म्हणाले बूड जड आहे. खरंच जड आहे, भरला की एका हाताने उचलताना मनगट थरथरतं.

चाक_आणि_मी
मनापासून अभिनंदन! आणि माझं मत थोडं बदलतो. सहा महिने नुसते सिलिंडर नकोत. पण बूड जड आहे ना, मग प्रत्येक बैठकीच्या सुरुवातीला तीन सिलिंडर काढा आणि तिन्ही तारेने उभे चिरून बघा. बूड आणि भिंत जिथे भेटतात तिथे माती कुठे राहते ते लगेच दिसेल. मग टीपॉट.

नवा_गोळा
@चाक_आणि_मी हे करते. चिरायला जीव होत नाही म्हणून आजवर कधी केलंच नव्हतं.

तोटीप्रेमी
फोटो टाका की! तोटीचा बाजूने आणि खालून, दोन्ही.

ओलसर
आणि पहिला पॉट फेकून देण्याआधी त्याच्या झाकणाचं ते बुजलेलं भोक डायमंड बिटने उघडून बघा. पाण्याखाली धरून, हळू. तो पॉटही ओतायला लागेल.